परक्या देवळाच्या पायरीवर

प्रश्न : साताऱ्याच्या एका वाचकताईंचं पत्र आलं आहे. वय ६१. प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झाल्या. गळ्यात तुळशीची माळ, घरात वारीची परंपरा. दोन वर्षांपूर्वी त्या आणि त्यांचे मिस्टर ग्रुप टूरबरोबर युरोपला जाऊन आले. १२ दिवसांत ७ देश. परतल्यावर नातीने फोटो दाखवून विचारलं, ‘आजी, हे चर्च कुठलं?’ त्यांना सांगता आलं नाही. रोमला सेंट पीटर्स बॅसिलिकात प्रार्थना चालू होती, तिथे त्यांचे हात आपसूक जोडले गेले. तो फोटो बघून नणंदबाई म्हणाल्या, ‘गळ्यात माळ आणि हात कुणापुढे जोडतेस?’ आता भिशीतल्या मैत्रिणी थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया अशा १० दिवसांच्या सहलीला निघाल्या आहेत. कंबोडियातलं अंगकोर वाट हे जुनं देऊळ बघायची ताईंची फार जुनी इच्छा आहे. मिस्टरांचं म्हणणं, ‘दगडच बघायचे तर अजिंक्यतारा दारात आहे, माझे गुडघे आता साथ देत नाहीत, पैसे नातीच्या नावाने ठेवू.’ ताई विचारतात, ‘मला शिल्पातलं काही कळत नाही, बघितलेलं लक्षात राहत नाही, मग एवढा खर्च करून जाण्यात अर्थ आहे का? आणि परधर्माच्या ठिकाणी आपण वागावं तरी कसं?’

ताई, नणंदबाईंच्या शब्दापासून सुरुवात करते. पत्रात तो ओझरता आला आहे, पण त्यानंतरचं तुमचं अक्षरही बदललंय. दुखलं आहे ते तिथे.

मी वाईची. लहानपणी मेणवलीला गेलं की कृष्णेच्या घाटावर उतरायचं, मेणवलेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि तिथल्या मोठ्या घंटेला नमस्कार करायचा, हे ठरलेलं. ती घंटा चर्चची आहे हे मला फार उशिरा कळलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या. त्यांतली एक नाना फडणविसांच्या मेणवलीत आली. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. माझी आजी सोवळ्यातली. ती त्या मेरीकडे बघून ‘कुणाची तरी आई आहे’ म्हणायची आणि हात जोडायची. तिच्या सोवळ्याला त्यामुळे काही झालं नाही.

रोममध्ये समोर माणसं प्रार्थनेत उभी होती आणि तुमचे हात जोडले गेले. तुम्ही कुठली दीक्षा घेतली नाहीत, विठ्ठलाला सोडून आला नाहीत. ज्या माणसाला आपण घरातून निघताना उंबऱ्याला हात लावायला शिकवलंय, त्याचे हात अशा ठिकाणी खिशात राहणार नाहीत. नणंदबाईंशी यावर वाद घालू नका. एखाद्या रविवारी त्यांना मेणवलीला घेऊन जा आणि घंटा नीट जवळून दाखवा, एवढंच करा.

मात्र याच प्रश्नाची दुसरी बाजू आपण सहसा बघत नाही. हात जोडावेत की नाही हे तुमचं मन ठरवेल. आत कुठवर जावं हे त्या ठिकाणची माणसं ठरवणार. काठमांडूच्या पशुपतिनाथाच्या मुख्य देवळात हिंदूंखेरीज कुणाला सोडत नाहीत. इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना बाहेर थांबावं लागतं, आणि आत जाताना बाईने डोकं झाकायचं असतं. तुमचा पदर तिथे पुरेल. व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये फोटो काढायचा नाही, बोलायचंही नाही. या गोष्टी कुणाला कमी लेखायला केलेल्या नाहीत. सज्जनगडावर समर्थांच्या समाधीसमोर आपण जसं वागतो, तसं दुसऱ्याने तिथे वागावं असं आपल्यालाही वाटतंच की.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, माझ्या हातून चूक झाली आहे. श्रीलंकेत एका विहारात बुद्धाची मूर्ती मागे यावी म्हणून मी पाठ करून उभी राहिले आणि बहिणीला म्हटलं, काढ फोटो. पांढरी साडी नेसलेल्या एका आजींनी माझ्या दंडाला हलकेच धरलं आणि मला मूर्तीकडे वळवलं. एक शब्द बोलल्या नाहीत. बुद्धाकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान मानतात, मूर्तीशी चाळे करून फोटो काढणाऱ्या परदेशी लोकांवर तिथे कायद्याने कारवाईही झालेली आहे. मला कुणी पोलिसांत दिलं नाही, पण त्या आजींचा हात अजून दंडावर जाणवतो. निघण्याआधी मी कुणाला तरी विचारायला हवं होतं. तेव्हापासून कुठेही आत शिरण्यापूर्वी पाच मिनिटं दाराशी थांबते. तिथली माणसं चपला कुठे काढतात, बसतात कसं, आवाज किती ठेवतात ते बघते आणि मग आत जाते.

आता ‘मला शिल्पातलं काही कळत नाही’ याबद्दल. हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंत आणि मला ते दोन्ही वेळा पटलं नाही.

अंगकोर वाट १२ व्या शतकात कंबोडियातल्या ख्मेर लोकांचा राजा सूर्यवर्मन दुसरा याने विष्णूसाठी बांधलं. देवळाभोवती लांबच लांब ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर कोरीव काम. पूर्वेकडच्या ओवरीत सुमारे ४९ मीटर लांबीची एक सलग भिंत आहे. तिच्यावर एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, सगळ्यांच्या हातात वासुकी. मधोमध विष्णू, त्याच्याखाली कूर्म, वर आकाशभर अप्सरा. हे समुद्रमंथन तुम्ही किती कीर्तनांत ऐकलंत आणि किती वर्षं वर्गात मुलांना सांगितलंत? पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्र आहे. शरपंजरी पडलेले भीष्म तुम्हाला कुणी बोट दाखवून सांगावे लागणार नाहीत. जगभरातून येणारी माणसं हातात पुस्तक घेऊन जी गोष्ट जुळवत बसतात, ती तुमच्या तोंडपाठ आहे.

तरी एक गोष्ट तुम्हाला तिथे खटकेल, आणि खटकली पाहिजे. भिंतीवरची गोष्ट ओळीने वाचायची तर उलटी प्रदक्षिणा घालावी लागते, देव डाव्या हाताला ठेवून. आपल्याकडे असा फेरा अंत्यविधीत घालतात. देऊळही पश्चिमेकडे तोंड करून आहे, मावळतीकडे. म्हणून हे देऊळ राजाचं स्मारकही असावं असं बरेच अभ्यासक मानतात. ज्याने जन्मात प्रदक्षिणा घातलेली नाही त्याला ही गोष्ट नुसती माहिती म्हणून कळते. तुमचे पाय पहिल्या वळणावरच अडखळतील. कळणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

पण ओळख पटली म्हणजे हक्क आला असं नाही, ताई, आणि या बाबतीत आपली माणसं परदेशात फार चुकतात. गाईड बोलत असतो आणि मागून कुणीतरी म्हणतं, ‘हे सगळं आपलंच होतं.’ ते बांधणारा राजा ख्मेर, घाम गाळणारे पाथरवट ख्मेर. गोष्ट समुद्रापलीकडून गेली हे खरं, पण ती तिथल्या माणसांनी आपली केली, म्हणून तर वासुकीच्या दोराला धरलेले देव तिथल्या चेहऱ्याचे आहेत. पुढे देऊळ बौद्ध झालं आणि आजही तिथे भगव्या वस्त्रातले भिक्खू दिसतात. पश्चिमेच्या प्रवेशद्वारात आठ हातांची एक उंच विष्णुमूर्ती आहे. गावातले लोक तिला ता रीच म्हणतात, वस्त्र नेसवतात, उदबत्त्या लावतात. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज नावाच्या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या चार वर्षांत त्या देशाने किती माणसं गमावली हे आठवलं, तर आपल्या झेंड्यावर त्यांनी हेच देऊळ का ठेवलं आहे ते समजतं. उद्या वसईचं कुणी मेणवलीला आलं आणि घंटेवर हात ठेवून गप्प उभं राहिलं, तर माझे डोळे भरून येतील. तेच मोठ्याने ‘ही आमची’ म्हणालं, तर त्याचं खरं असूनही मला तिथून निघून जावंसं वाटेल. तुम्ही ता रीचसमोर उभ्या राहाल तेव्हा हे लक्षात असू द्या. नमस्कार खुशाल करा.

युरोपचं काही आठवत नाही याला तुमचं वय कारण नाही. १२ दिवसांत ७ देश म्हणजे निम्मा वेळ बसमध्ये, उरलेला रांगेत आणि बाथरूम शोधण्यात. एका जागी पाऊण तास मिळाला तर त्यातला अर्धा फोटोत गेला. पंचविशीतल्या पोरालाही त्यातलं चर्च ओळखता येणार नाही. म्हणून तुमच्या भिशीच्या सहलीबद्दल माझं स्पष्ट मत देते : तीन देशांची १० दिवसांची सहल तुमच्यासाठी नाही. मैत्रिणींबरोबर मजा येईल, खरेदी होईल, त्यासाठी जायचं असेल तर आनंदाने जा. पण ज्या भिंतीसाठी इतकी वर्षं मन तिकडे आहे, तिच्यासमोर तुम्हाला किती वेळ मिळणार हे टूरवाल्यांना आधी विचारा. ‘अंगकोर वाट दर्शन’ असं छापलेलं असतं, तास लिहिलेले नसतात. तास विचारा.

त्यापेक्षा एकच देश, एकच गाव : अंगकोरला लागून असलेलं सिएम रीप. पाच-सहा रात्री तिथेच मुक्काम. अंगकोरचा पास एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा पास सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांच्या आत कुठलेही तीन दिवस चालतात. म्हणजे एक दिवस देवळं, एक दिवस आराम, असं जमतं. पासवर तुमचा फोटो छापतात, तो दुसऱ्याला देता येत नाही. हा पास अधिकृत केंद्रावरूनच घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते, एप्रिलमध्ये जाऊ नका, तिथला उन्हाळा आपल्या माणदेशासारखा कोरडाही नसतो, घामाने जीव जातो. सकाळी लवकर निघायचं, साडेदहाला परत, जेवून झोपायचं, साडेतीननंतर पुन्हा. दिवसभरासाठी टुकटुक ठरवता येते. पहिला एक दिवस परवानाधारक गाईड घ्या, दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीकडे गाईडशिवाय जा. समुद्रमंथनासमोर बसायला छोटी घडीची सतरंजी न्या, पण भिंतीला टेकू नका आणि कोरीव कामावर हात फिरवू नका. इतक्या शतकांच्या हातांनी खालचे दगड गुळगुळीत झालेत.

कपड्यांचं : खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर वरच्या गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. साडी किंवा पंजाबी ड्रेस असेल तर चिंता नाही. त्या वरच्या टप्प्याचा जिना मात्र फार उभा आहे आणि बौद्धांच्या सणाच्या दिवशी तो भाग बंदही असतो. मिस्टरांना तिथे नेऊ नका, तुम्हीही हट्ट धरू नका. ओवऱ्या खालीच आहेत. त्यापेक्षा त्यांना बांतेय स्रेईला न्या. ९६७ साली पूर्ण झालेलं हे छोटं शिवमंदिर आहे, गुलाबी वालुकाश्माचं, चढउतार फारसा नाही, आणि कोरीव काम इतकं बारीक की बँकेत आयुष्यभर आकडे तपासलेल्या माणसालाही चूक सापडू नये. १९२३ मध्ये तिथल्या मूर्ती कापून नेणाऱ्या आंद्रे मालरो या फ्रेंच तरुणाला अटक झाली होती. तो पुढे फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला. हे मी अशासाठी सांगतेय की बाजारात कुणी ‘जुनी मूर्ती’ म्हणून काही दाखवलं, तर घेऊ नका. खोटी असेल तर फसाल, आणि खरी असेल तर त्या चोरीत आपला वाटा होईल.

खाण्याचं तुम्ही लिहिलं नाही, पण माळकरी माणसाला आधी तेच सतावतं. कंबोडियात प्रहोक नावाची आंबवलेल्या माशांची चटणी बऱ्याच पदार्थांत असते, आणि मासे आंबवून काढलेला रस नुसत्या परतलेल्या भाजीतही घालतात. ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘मासा नको, माशाचा रस नको, अंडं नको’ असं ख्मेर भाषेत हॉटेलवाल्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती दाखवा. सिएम रीपमध्ये भारतीय जेवण मिळतं. तरी मेतकूट, भाजणी आणि थोडे लाडू बरोबर असू द्या. ज्यांची मुलं ऑस्ट्रेलियात आहेत त्या वाचकांनी एक लक्षात घ्या : तिकडे विमानतळावर खाण्याच्या प्रत्येक वस्तूची नोंद फॉर्मवर करावी लागते, लपवलं तर मोठा दंड होतो. रक्तदाब, साखरेच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. प्रवासाचा विमा घेताना आधीपासूनचे आजार लपवू नका.

ऑस्ट्रेलियाचं नाव आलंच आहे तर निसर्गाच्या ठिकाणांबद्दलही सांगते, कारण आपल्याला वाटतं की नियम देवळात असतात आणि डोंगर सगळ्यांचाच. तिथे वाळवंटात उलुरू नावाचा प्रचंड तांबडा खडक आहे. तिथल्या अनांगू लोकांसाठी तो पवित्र आहे, चढू नका असं ते वर्षानुवर्षं सांगत होते. तरी लोक चढत राहिले. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणं कायमचं बंद झालं. आठवण म्हणून तिथले दगड उचलून नेलेली माणसं पुढे ते पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीचं पत्र जोडून. हे वाचलं की मला आपलं कास आठवतं. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये कास जागतिक वारशात गेलं आणि गर्दी वाढली. कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं, दवबिंदू, तेरडा उगवतो, आणि फोटोसाठी लोक त्यात लोळतात. सप्टेंबरात ते बघून आपण सातारकर किती चिडतो! ऑनलाइन नोंदणी आणि पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आली, तेव्हा बरं वाटलं होतं ना? परदेशातल्या एखाद्या तलावाकाठी दोरी लावलेली दिसली की कासचा तो राग आठवायचा. दोरीपलीकडचं तिथलंही कुणाचं तरी कास आहे.

राहिले मिस्टर. त्यांच्यावर रागावू नका, ताई. ‘दगडच बघायचे’ हे वाक्य माणूस दगडांना कंटाळला म्हणून बोलत नाही. सकाळी पाचला उठून, झेंडा धरलेल्या पोरीच्या मागे पळून गुडघे दुखले म्हणून बोलतो. युरोपमध्ये नेमकं काय नकोसं झालं ते त्यांना शांतपणे विचारा. उत्तरात देवळं आणि चर्चं येणार नाहीत, जिने आणि बस येतील, असं मला वाटतं. पैशाची त्यांची काळजीही खोटी नाही. नातीच्या नावाने काय ठेवायचं ते आधी ठेवा, उरलेल्यात सहल बसते का बघा. बसत नसेल तर एक वर्ष थांबा, भिंत कुठे जात नाही. आणि गुडघ्यांच्या डॉक्टरांनी ‘नको’ म्हटलं, तर तुम्ही मुलीबरोबर किंवा एखाद्या समजूतदार मैत्रिणीबरोबर जा. नवरा घरी आहे म्हणून बाईने इच्छा गुंडाळून ठेवायची, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही त्यांना विचारून, सांगून, त्यांच्या जेवणाची सोय करून जाल हे मला माहीत आहे. जेवणाची सोय त्यांनीच करायला हवी, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

अजिंक्यताऱ्याचं त्यांचं म्हणणं मात्र मी उचलून धरणार आहे. आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर ११ किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा झाला. तो बघायला लोक परदेशातून येतील. तुम्ही शेवटचं कधी गेला होतात? शाळेची सहल घेऊन असाल तर मुलं मोजण्यात गेला असेल तो दिवस. आणि त्याहून जवळ, देगावच्या बाजूला पाटेश्वर आहे. डोंगरावर दगडात कोरलेली लहानमोठी, मोजता न येणारी शिवलिंगं. कंबोडियातही, सिएम रीपपासून सुमारे ५० किलोमीटरवर, क्बाल स्पिएन नावाचं ठिकाण आहे. तिथे ११ व्या शतकाच्या सुमारास नदीच्या तळातल्या खडकावर शेकडो लिंगं आणि शेषशायी विष्णू कोरला आहे. त्यांच्यावरून वाहून पवित्र झालेलं पाणी खाली भातशेतीकडे जावं, ही त्यामागची भावना. तिथे पोचायला जंगलातून दीड किलोमीटर चढ आहे.

पाटेश्वरालाही चालावं लागतं. थंडीतल्या एखाद्या सकाळी मिस्टरांना घेऊन जा. घाई करू नका, दोन काठ्या न्या, बसत बसत चढा, आणि एका लिंगासमोर अर्धा तास बसून वहीत ते काढून बघा, चित्र कसंही येऊ द्या. घरी आल्यावर नातीला ते दाखवा आणि कुठलं ते सांगा. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे काय म्हणतात ते मिस्टरांना विचारून मला कळवा. त्यावरून सिएम रीपला किती दिवस आणि क्बाल स्पिएन करायचं की सोडायचं, ते आपण पुढच्या पत्रात ठरवू.